सोनगीरचा रेषापंच

सोनगीरच्या किल्ल्याखाली कबड्डीचं मैदान आखायला घेतलं की सुकदेव लोटन पाटील सगळ्यांत आधी येऊन बसायचा आणि सगळ्यांत आधी भांडायचा. चुन्याची रेघ वाकडी पडली म्हणून भांडायचा, माती चाळली नाही म्हणून भांडायचा, खेळणाऱ्यांनी नखं कापली नाहीत म्हणून भांडायचा. पोरं त्याला तोंडावर आबा म्हणत आणि पाठीमागे 'शिट्टी' म्हणत. ते त्याला माहीत होतं. त्याचंही पोरांबद्दलचं मत काही फार बरं नव्हतं.

वय एकसष्ट. आयुष्यात तो स्वतः एकही सामना खेळला नव्हता. लहानपणी बैलगाडीवरून पडून डाव्या कोपराचं हाड मोडलं, ते वाकडंच बसलं. पण मैदान त्याने सोडलं नाही. शिरपूर, चोपडा, अमळनेर, पारोळा, जिथे सामने भरतील तिथे तो सायकलवर जायचा, नाहीतर हात दाखवून ट्रकमध्ये चढायचा. परदेशात खेळ दाखवून आलेल्या एका खेळाडूच्या खांद्याला शिरपूरला त्याने तेल चोळलं होतं. चोपड्याला एका नावाजलेल्या गड्याने त्याच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला होता. जळगावला मंत्र्याच्या हातचा हार गर्दीत चुकून त्याच्या गळ्यात पडला, तो त्याने परत द्यायला साफ नकार दिला होता. हे सगळं तो सांगायचा आणि ऐकणारा मध्ये हसला तर त्याच्याशी सहा महिने बोलायचा नाही.

या सगळ्यांच्या वर एक गोष्ट होती. जीवराम चौधरीची.

जीवराम हा जळगावकडचा चढाईपटू. पासष्ट सालच्या जानेवारीत जळगावला दोन जिल्ह्यांच्या निवडक संघांचा सामना ठरला होता. त्यात जे चमकतील त्यांना राज्याच्या चाचणीला बोलावणं जाणार होतं. धुळ्याच्या संघात छगन होता. छगन म्हणजे सुकदेवच्या बायकोचा, प्रमिलाबाईचा, धाकटा भाऊ. पिंपरखेड्याचा. त्याने एकदा घोटा धरला की गडी मातीतून उठायचा नाही, असं लोक म्हणत.

सामन्याच्या दिवशी रेषेवर उभे राहणारे मास्तर तापाने पडले. सुकदेवने पंचाची परीक्षा दिलेली होती, नियम त्याला पाठ होते. छगननेच त्याचं नाव सुचवलं. जळगावच्या लोकांनी आवाज उठवला, की हा तर त्याचा दाजी, हा कसा चालेल? तेव्हा जीवराम स्वतः पुढे आला. म्हणाला, "सुकदेवभाऊ चालतील. मी चढाई मारली तर धुळ्याचे असून टाळ्या वाजवतात ते. त्यांना मेहुण्यापेक्षा खेळ प्यारा आहे."

हे वाक्य सुकदेवने पंचवीस वर्षं जपून ठेवलं.

शेवटची दोन मिनिटं उरली. धुळ्याचे चार गडी आत, जळगावचा जीवराम एकटा. तो दम घेत आत घुसला, एकाला शिवला, वळला, आणि छगनने त्याचा घोटा धरला. बाकीचे तिघे अंगावर कोसळले. जीवराम मध्यरेषेकडे सरपटत निघाला. धूळ उठली. तोंडात 'कबड्डी, कबड्डी' चालूच होतं. शिट्टी वाजली. रेषेला हात लागला असेल तर चौघे बाद आणि सामना जळगावचा. नसेल तर जीवराम बाद आणि सामना धुळ्याचा. मुख्य पंचाने सुकदेवकडे पाहिलं. सगळ्या मैदानाने पाहिलं.

सुकदेवने हात वर केला. "लागला."

जीवरामने धावत येऊन त्याला उचललं. त्या एका चढाईने जीवराम राज्याच्या संघात गेला, पुढे तीन वर्षं खेळला, पेपरात त्याचे फोटो आले, सरकारी खात्यात नोकरी लागली. छगनला बोलावणं आलंच नाही. चार जणांनी धरूनही गडी सुटला, तो याच्या हातून सुटला, एवढंच त्याच्या नावावर राहिलं.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला ट्रक चहासाठी थांबला. छगन सुकदेवसमोर येऊन उभा राहिला.

"दाजी, मना डोयामा देखीसन सांगा. हात लागना व्हता का?"

"लागना व्हता."

छगनने हातातला चहा मातीवर ओतला आणि पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. त्या दिवसापासून तो सुकदेवशी बोलला नाही. सुकदेवशी नाही म्हणजे त्याच्या घराशीही नाही. प्रमिलाबाईला भाऊबीजेला न्यायला कोणी आलं नाही. राखी तिने एकदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवली, ती तशीच परत आली. बाप वारला तेव्हा ती रडत पिंपरखेड्याला पोचली, तर छगनने तिच्याकडे पाठ केली ती स्मशानातून परत येईपर्यंत. भाचीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या सोनगीरला आली, या एका घराला आली नाही.

तिने नवऱ्याला आयुष्यात एकदाच विचारलं होतं. त्याने ताटातल्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अन्नावर हात ठेवीसन सांगस. नख रेषावर व्हतं. मी देखं." त्यानंतर तिने विचारलं नाही. नवरा खरा आहे आणि भाऊ हट्टी आहे, असं तिने धरलं आणि त्यावर संसार केला.

नव्वद सालच्या फेब्रुवारीत सोनगीरच्या मंडळाने मोठे सामने ठेवले. मंडळाचा अध्यक्ष वना, तिशीतला, तोंडाने गोड. त्याने धुळ्याच्या ओळखीतून उद्‌घाटनाला जीवराम चौधरीला आणायचं ठरवलं. ही बातमी ऐकून सुकदेव आठ दिवस झोपला नसेल. तांबट गल्लीतून त्याने विजेत्यांसाठी तांब्याचा हंडा स्वतः निवडून आणला, ठोके मोजून. मैदानावरच्या पोरांना बजावलं, "तो उना की आधी माले भेटी, मंग तुमना अध्यक्षले."

वनाने त्याला मंचावर खुर्ची कबूल केली होती. उद्‌घाटनाच्या दुपारी खळ लावलेलं धोतर नेसून, काळा कोट चढवून तो पोचला, तर त्याच्या खुर्चीवर सोसायटीचे चेअरमन.

"आबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा ना. तिथून छान दिसतं," वना म्हणाला.

"दिसाकरता बठी ऱ्हायनू का मी?" सुकदेव ओरडला. "तुना बाप चड्डीमा फिरे तव्हयपासून मी आठे उभा शे!"

लोक हसले. त्याला चार जणांनी धरून पहिल्या रांगेत बसवलं.

जीप आली. जीवराम उतरला. अंगावर सफारी, डोळ्यांवर काळा चष्मा, पोट पुढे आलेलं. पण चाल तीच, चवड्यांवरची. सुकदेव गर्दी सारत पुढे गेला आणि जीवरामचा हात दोन्ही हातांत धरला.

"ओळखलं का?"

जीवरामने चष्मा काढला. "आपण..."

"सुकदेव. सुकदेव लोटन. जळगाव, पासष्ट साल. रेषेवर मी होतो."

"अरे हो, हो, हो!" जीवराम मोठ्याने म्हणाला, आणि त्याचे डोळे सुकदेवच्या खांद्यावरून मंचाकडे गेले. सुकदेवला कळलं की त्याला काही आठवलेलं नाही. तरी त्याने मनाची समजूत घातली. माणूस प्रवासाने थकलेला आहे.

बायका मारुतीच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यात प्रमिलाबाई होती. पलीकडच्या बाजूला, आपल्या संघाच्या पोरांमागे, पिंपरखेड्याचा छगन उभा होता. पोरांना तोच शिकवायचा. पंचवीस वर्षांत तो सोनगीरच्या मैदानावर आला नव्हता. या खेपेला पोरांनी हट्ट धरला म्हणून आला होता.

जीवराम बोलायला उठला. भोंग्यातून त्याचा आवाज किल्ल्याच्या भिंतीवर आदळून परत येत होता. आधी शिस्त, मग व्यायाम, मग दूध प्या. मग त्याला रंग चढला.

"मंडळी, एक गंमत सांगतो. मला लोक विचारतात, जळगावची ती चढाई तुम्ही कशी मारली? चार जण अंगावर! आता पंचवीस वर्षं झाली, आता मला कोण बाद करणार? म्हणून खरं सांगतो. हात लागलाच नव्हता! वीतभर राहिला होता. शिट्टी वाजल्यावर मी तो हळूच पुढे सरकवला."

लोक हसायला लागले.

"पण नशीब बघा. रेषेवरचा पंच निघाला माझा भक्त! देव भक्ताला पावतो म्हणतात. इथं भक्तच देवाला पावला!"

सगळं मैदान हसलं. मंचावरचे चेअरमन हसून खोकायला लागले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो भक्त पहिल्या रांगेत कोट घालून बसला आहे, आणि हसण्याची दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा मोठी होती. सुकदेवला वाटलं, उठावं आणि मंच पेटवून द्यावा. पण तो खुर्चीतच बसून राहिला.

छगन आपल्या जागेवरून निघाला. आखलेल्या मैदानावरून, ताज्या चुन्याच्या रेघा तुडवत, तो सरळ सुकदेवसमोर आला. पंचवीस वर्षांनी दोघे हातभर अंतरावर होते.

"ऐकं?" छगन एवढंच म्हणाला.

मग वळून त्याने आपल्या पोरांना हाक मारली, "चला रे. आपले आठे खेळनं नही."

पोरं जागची हलली नाहीत. एक जण पुढे येऊन म्हणाला, "नाना, तुमचं जुनं काहीतरी असेल. आम्ही वर्षभर घाम गाळला आहे. आम्ही खेळणार."

छगनने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो एकटाच आग्रा रोडकडे चालत गेला, जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीत.

सुकदेव घरी आला तेव्हा प्रमिलाबाई आधीच येऊन बसली होती. चूल थंड होती. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. नवरा आल्यावर पाय आखडून घ्यायची तिची सवय. आज तिने पाय आखडले नाहीत.

"तुमी देखं व्हतं का नही?" तिने विचारलं.

"अवं, तो गंमत करस. मोठा माणूस, भाषणमा काय बी बोलस..."

"मी जीवरामले नही विचारत. तुमले विचारस. देखं व्हतं का नही?"

सुकदेवने कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून हातात धरला. पंचवीस वर्षं त्याने स्वतःलाही हा प्रश्न नीट विचारू दिला नव्हता.

"नही," तो म्हणाला. "नही देखं."

"मंग काय देखी ऱ्हायंता?"

"त्यानं तोंड." त्याने हातातल्या कोटाची घडी घातली. "चार जण अंगवर, आनि त्याना दम तुटे ना. मी त्याना तोंडकडेच देखत ऱ्हायनू. असा गडी मी कधी देखा नव्हता. शिट्टी वाजनी, मी खाले देखं, तं हात रेषावर व्हता. कव्हय उना, माले माहीत नही. माले वाटनं, लागनाच व्हई. असा गडी बाद व्हवाले नको, असं वाटनं माले."

बाहेर भोंग्यावर सामन्याचे गुण ओरडले जात होते.

"मना बाप मरना तव्हय छगननी माले पानी सुद्धा नही विचारं," प्रमिलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तेच त्याला जड गेलं. "मी रस्ताभर त्याले शिव्या देत उनू. म्हनू, मना नवरा देवमाणूस, आनि याले अकडच कितली! पंचवीस वरीस मी मना भाऊले शिव्या दिन्ह्यात. तुमनाकरता."

"प्रमिला..."

"अन्नावर हात ठेवा व्हता तुमी."

ती उठली, घागर घेतली आणि पाणी आणायला गेली. रात्री भाकरी झाली, ताट वाढलं गेलं, पण ती समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना होता. पिंपरखेड्याची पोरं त्यात पोचली होती, आणि हरली. बक्षिसं द्यायला जीवराम धुळ्याहून परत आला होता. वनाने माईक हातात घेतला तोच सुकदेव मंचावर चढला. कोट नव्हता, टोपी नव्हती. त्याने वनाच्या हातातून माईक हिसकावला.

"सोनगीरकर, ऐका! काल हा जे बोलला ते खरं आहे. मी काही पाहिलं नव्हतं आणि मी हात वर केला. पिंपरखेड्याच्या छगन पाटलाचं नुकसान मी केलं. पण हा," त्याने जीवरामकडे बोट रोखलं, "याला तेव्हाच माहीत होतं. पंचवीस वर्षं याने हार घातले, नोकरी केली, फोटो काढले. आणि काल मजा म्हणून सांगितलं! मजा? आता चल पिंपरखेड्याला. छगनच्या दारात उभा राहून कर ही मजा!"

"आबा, माईक द्या," वना दात खाऊन म्हणाला.

जीवराम उठला. त्याचं हसू गेलं होतं. तो माईकमध्ये बोलला नाही, पण पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं.

"हे बघा, मी खेळाडू. मी रेषेला हात लावायचा प्रयत्न केला, तो माझा धर्म. निकाल तुम्ही दिला. मी तुमच्याकडे मागितला नव्हता. चोरी तुमची आहे म्हातारबाबा, माझ्या गळ्यात बांधू नका."

ते खरं होतं म्हणूनच सुकदेवचा तोल गेला. त्याने सफारीची कॉलर धरली. जीवरामने त्याचा वाकडा हात सहज पिरगळून बाजूला केला, जसा नवशिक्या गड्याचा करावा. सुकदेव बक्षिसांच्या टेबलावर पडला. हंडा गडगडत खाली गेला. चार स्वयंसेवकांनी त्याला उचललं, धोतर सुटलं, आणि तशा अवस्थेत त्याला मंचाच्या मागे नेऊन मातीत बसवलं. वना वाकून म्हणाला, "पुढच्या वर्षी मैदानाच्या आसपास दिसलात तर बघा." आणि मग माईकवर गोड आवाजात, "झाल्या प्रकाराबद्दल मंडळ दिलगीर आहे."

एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण गर्दीत धुळ्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होता. तिसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली, 'वृद्ध पंचाची पंचवीस वर्षांनी जाहीर कबुली'. शेजारी सुकदेवचा फोटो, माईक धरलेला, तोंड उघडं. लोक घरी यायला लागले. काल ज्यांनी त्याला हसून घेतलं होतं तेच आज म्हणत होते, "आबा, याला म्हणतात हिंमत!" शाळेच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना बातमी वाचून दाखवली. अमळनेरच्या एका मंडळाचं पत्र आलं. सत्यनिष्ठ पंच म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आहे, अवश्य यावे.

सुकदेवला हे सगळं आवडलं. ते कबूल करायला हवं. त्याने बातमीची घडी करून खिशात ठेवली, दिवसातून तीनदा काढून वाचली, आणि आठवड्याने ती घेऊन तो सायकलवर पिंपरखेड्याला निघाला. आता छगन काय बोलणार? आता तर छापून आलं आहे.

छगन खळ्यात बैलांसाठी कडबा तोडत होता. त्याने वर पाहिलं, हात थांबवला नाही.

"छगन," सुकदेव म्हणाला, "हाई वाच."

छगनने विळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि बातमी घेतली. डोळ्यांपासून लांब धरून त्याने ती सावकाश, सगळी वाचली. मग पुन्हा वरपासून.

"मनं नाव कोठे शे?"

सुकदेवला ते लक्षातच आलं नव्हतं. त्याने वाकून कागदात पाहिलं. 'प्रतिस्पर्धी संघाच्या एका खेळाडूवर अन्याय झाला' एवढंच होतं.

"मी नाव लिन्हं व्हतं. माईकवर. त्यासनी छापं नही."

"तुनं छापं," छगन म्हणाला. कधी न म्हटलेला 'तू' त्याच्या तोंडून असा आला, जसा तो रोजचाच. "फोटो बी तुना. तू खोटा व्हता तव्हय पंच म्हनीसन तुनं नाव. आते खरा व्हयना तं परत तुनंच नाव. मी कोन? एक खेळाडू."

"मी तुनाकरता बोलनू छगन. सगळा गावनासमोर मार खादा!"

"मनाकरता पारोळाले बोलनं व्हतं. तव्हय मी चोवीस वरीसना व्हतू. आते हाऊ कागद काय करू? बैलसले टाकू?"

सुकदेव हा माफी मागायला आला होता. निदान सायकलवर बसताना त्याला तसं वाटलं होतं. पण समोर हा माणूस, हा थंड आवाज. त्याच्या आत जुना, मैदानावरचा संताप उसळला.

"मंग हाई बी ऐक! तुनी पकड सैल पडनी व्हती. बाकीना तिघे अंगवर पडाना आधीच घोटा तुना हातमातून सरकना, तेवढं मी देखं. तू तठेच धरी ठेवता तं मना रेषापर्यंत ते येतंच नव्हतं!"

छगन जागेवर उभा राहिला. कागद त्याच्या हातातून कडब्यात पडला. सुकदेवला त्याच क्षणी समजलं की आपण खरं बोललो आहोत, आणि हे खरं छगनला त्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि या खळ्यात, या बैलांपुढे, त्याने ते हजार वेळा मनात घोळवलं आहे.

"चालता व्हय," छगन म्हणाला. विळा उचलला नाही, पण त्याची नजर विळ्याकडे गेली. "परत मना खळामा पाय ठेवा तं हात-पाय जागावर ऱ्हावाऊत नही."

सुकदेव निघाला. बातमीचा कागद खळ्यातच राहिला. परत घ्यायला तो वळला नाही.

अमळनेरला जाऊ नये असं त्याने दोन दिवस ठरवलं. प्रमिलाबाई काहीच म्हणाली नाही, जा नाही आणि जाऊ नका नाही. तिसऱ्या दिवशी तो कोट घालून एसटीत बसला. असा तो माणूस होता. मंचावर खुर्ची होती, खरीखुरी, त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली. त्याने भाषणात छगन पाटील हे नाव तीनदा घेतलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. आभार मानताना सूत्रसंचालक म्हणाला, "आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या जगन पाटलांनाही आपण अभिवादन करू या." टाळ्या वाजल्या. सुकदेव खुर्चीतून ओरडला, "छगन! छगन म्हना!" पण माईक बंद झाला होता आणि लोक चहाकडे निघाले होते.

शाल त्याने घरी आणून खाटेवर ठेवली. प्रमिलाबाईने ती उचलली नाही. चार दिवसांनी त्यानेच ती पेटीत टाकली.

उन्हाळा गेला, पाऊस आला, कापूस फुटला. सोनगीरच्या मैदानावर तो गेला नाही. वनाला घाबरून नव्हे, वनाला तो दोन वेळा चव्हाट्यावर शिव्या देऊन आला होता. जायची इच्छाच होईना. घरात प्रमिलाबाई कामापुरतं बोलायची. मीठ संपलं. गाय दूध देत नाही. कुंभाराकडून माठ आणा.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी दारासमोर बैलगाडी थांबली. छगन गाडीवरून उतरला, फाटकाबाहेर उभा राहिला आणि हाक मारली, "अक्का!"

प्रमिलाबाई आतून आली. तिने आधीच लुगडं बदललेलं होतं, हातात पिशवी होती. म्हणजे निरोप आधीच आला होता आणि सुकदेवला कोणी सांगितलं नव्हतं. तो ओट्यावर बसून होता. उठला. "छगन, पानी तरी..."

छगनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. बहिणीला हात देऊन गाडीत बसवलं, कासरा ओढला, आणि गाडी गेली. शेजारच्या तानुबाईने दारातून हे सगळं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. सुकदेव तिच्यावर खेकसला, "काय देखी ऱ्हायनी? तमाशा शे का?"

तीन दिवस त्याने हाताने पिठलं केलं आणि करपवलं. चौथ्या दिवशी प्रमिलाबाई आली. नवं हिरवं लुगडं नेसलेली, हातात भावाने भरलेल्या बांगड्या. चेहरा उतरलेला नव्हता, उजळलेलाही नव्हता. तिने पिशवीतून करंज्या काढून डब्यात भरल्या.

सुकदेव बराच वेळ घुटमळला. शेवटी विचारलं, "काय म्हने छगन?"

"कापूसनी बोंडं सडनीत म्हने. पाऊस जास्ती व्हयना."

"आनि?"

"भाचीले दिवस गया शेतस."

"मनं काही निंघनं का?"

प्रमिलाबाईने डब्याचं झाकण दाबून लावलं. "नही," ती म्हणाली. "तुमनं नाव तठे कोन्हीच लेत नही. मी बी नही लिन्हं."

पुढेही दर भाऊबीजेला गाडी आली आणि फाटकाबाहेर थांबली. छगन आत आला नाही, सुकदेव पिंपरखेड्याला गेला नाही. पण त्या पहिल्या वेळी, माहेराहून परतली त्या दिवशी, तिने बशीत दोन करंज्या काढून त्याच्यापुढे सरकवल्या आणि ती आपल्या कामाला लागली. त्या छगनच्या घरच्या होत्या. सुकदेवने बशी दूर लोटली. मग थोड्या वेळाने, ती गोठ्यात गेल्यावर, ओढून घेतली आणि दोन्ही खाल्ल्या.